पोत्यावरचा ड्रम

यशवंतअण्णा मेसमध्ये जेवायला बसला की आधी ताट वाजवून बघायचा. उजव्या हाताची दोन बोटं ताटाच्या कडेवर हलकेच पडायची, मान थोडी वाकायची, आणि आवाज बसका वाटला तर तो वाढपी मामांना म्हणायचा, "मामा, तेवढं ताट बदला की."

मामा वैतागायचे. "कुंभाराकडं माठ घ्यायला आल्यागत काय वाजवून बघतोस रं रोज? आमटी काय त्या आवाजानं घट्ट व्हणाराय?"

"आमटी पातळच ऱ्हाऊ दे मामा. जेवताना वाजवायला लागतंय न्हवं, म्हणून."

सगळी पंगत हसायची. अण्णाही हसायचा, पण ताट बदलून घेतल्याशिवाय भाताला हात लावायचा नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. मी कोगनोळीजवळच्या एका वाडीतून बेळगावला कॉलेज शिकायला आलो होतो. आमच्या घरात सातवीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं, त्यामुळं कॉलेजात काय करायचं असतं हे सांगणारंही कुणी नव्हतं. वसतिगृहाच्या खोलीत पत्र्याची ट्रंक घेऊन शिरलो, तर समोरच्या खाटेवर इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला एक उंच, सावळा मुलगा बसला होता. त्यानं माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. उठला, माझी ट्रंक खाली ठेवून घेतली आणि तिच्यावर दोन्ही तळवे मारून बघितले.

"ट्रंक लई चांगली हाय तुझी," तो म्हणाला. "आत कपडं कमी भर. आवाज दबतोय."

हा यशवंत कांबळे, निपाणीचा, बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. माझ्यापेक्षा मोठा म्हणून मी त्याला अण्णा म्हणू लागलो. त्या दिवसापासून माझी ट्रंक निम्मी त्याची झाली. पहाटे डोळे उघडायच्या आत ट्रंकेवर ठेका सुरू झालेला असायचा, आणि डाव्या-उजव्या खोल्यांतून शिव्या यायच्या. अण्णा त्या शिव्यांना वेळ झाल्याची खूण समजून आंघोळीला जायचा.

त्याचं एक ठरलेलं सांगणं होतं. "हात चुकला तर चालतंय. पाय थांबला न्हाय पायजे." ड्रम वाजवणाऱ्याचे हात वरच्या ढोलक्यांवर आणि पितळी थाळ्यांवर फिरतात, पण उजवा पाय खालच्या मोठ्या ढोलावर पडत असतो. गाणं त्या पायावर उभं असतं, असं त्याचं म्हणणं. पण हे सांगणं तो ड्रमपुरतं ठेवायचा नाही. सायकलची चेन निसटली, गणित अडलं, घरून पत्र आलं नाही, सगळ्याला तेच. पहिल्या वर्षी इंग्रजीच्या तासाला मला धडा वाचायला उभं केलं आणि माझे उच्चार ऐकून मागची बाकं खो-खो हसली. मी खोलीवर येऊन गावाला परत जायची भाषा करू लागलो. अण्णानं पुस्तक माझ्या हातात दिलं, स्वतः ट्रंकेसमोर बसला आणि म्हणाला, "मी वाजवतोय तवर वाच. चुकलास तर चुकलास, पर माघारी जायचं न्हाय, पुढचा शब्द घ्यायचा." असं किती तरी दिवस चाललं. माझे उच्चार सुधारले की नाही कोण जाणे. पण मी अडखळून थांबायचा मात्र बंद झालो.

अण्णा ज्या बँडमध्ये वाजवायचा त्याचं नाव होतं 'क्रशर'. काकतीच्या बाजूला खडी फोडायची यंत्रं होती, त्यांच्यावरून हे नाव घेतलेलं. ऐकणाऱ्यांना ते अगदी पटायचं. बँड रॉनीचा. रॉनी कॅम्पातला, म्हणजे बेळगावच्या लष्करी छावणीच्या वस्तीतला, गिटार वाजवायचा आणि गायचा. खांद्यापर्यंत केस, बोलणं निम्मं इंग्रजी, पण मनानं साखरेसारखा. आणखी दोघं होते. परदेशातल्या हार्ड रॉक बँडांची गाणी ते चौघं अशी वाजवायचे की रॉनीच्या घराच्या खिडकीची तावदानं थरथरायची. रॉनीची आई, जिला सगळे आंटी म्हणायचे, कानात कापूस घालून स्वयंपाक करायची. "जेवायला या" हेसुद्धा ती हातवाऱ्यांनी सांगायची.

अण्णा त्या बँडमध्ये कसा गेला, तर एन.सी.सी.च्या बँडात तो ताशासारखा छोटा ड्रम शिकला, आणि रॉनीचा आधीचा ड्रमवाला आखातात नोकरीला गेला. अण्णानं दोन वर्षं रोज संध्याकाळी कॅम्पात जाऊन हात बसवला. हे सांगायचं कारण असं की एकदा स्नेहसंमेलनात त्यांचा कार्यक्रम झाल्यावर आमचे एक प्राध्यापक कौतुकानं त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "शाब्बास कांबळे! अरे, वाजवणं तुमच्या रक्तातच आहे."

भोवतालची मुलं हसली. सरांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला आजही वाटतं. अण्णानं रुमालानं घाम पुसला, रुमालाची नीट घडी केली आणि म्हणाला, "रक्तात न्हाय सर. दोन वर्षं घासलंय."

सर गडबडले. "हो, हो, तेच म्हणतोय मी," म्हणत पुढं गेले. परतताना सायकलच्या हँडलवर अण्णाची बोटं वाजत नव्हती, म्हणून मला कळलं की ते त्याला लागलंय.

हलगीची गोष्ट त्यानं मला त्यानंतर सांगितली. आमच्या गावच्या जत्रेत हलगी कडाडली की माझ्या अंगावर काटा यायचा. ती वाजवणाऱ्याला काय वाटत असेल, हा विचार कधी मनात आला नव्हता. अण्णाच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हलगी होती. गावात कुणी मेलं, वाजवा. पाटलाच्या घरची वरात निघाली, वाजवा. जत्रा आली, पालखीपुढं उन्हात वाजवत चाला आणि देवळाच्या पायरीशी थांबा. बोलावणं आलं की हातातली भाकरी ठेवून उठायचं. अण्णाच्या वडलांनी, म्हणजे आप्पांनी, तरुणपणी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि घरी येऊन पहिलं काम केलं ते हे की हलगीचं कातडं सोडवून पुरलं आणि लाकडी कडं चुलीत घातलं. त्या जाळावर त्यांनी चहा केला आणि अख्ख्या गल्लीला पाजला. मग गाव सोडून निपाणीत आले आणि तंबाखूच्या वखारीत हमालीला लागले.

"त्या दिवसापास्नं आप्पांनी वाजवायच्या कुठल्याच वस्तूला हात लावलेला न्हाय," अण्णा म्हणाला. "मी ड्रम वाजवतोय हे त्यांस्नी म्हाईत हाय. रागावलं न्हाईत. पर ऐकाय कधी आलं न्हाईत. मी म्हटलं, आप्पा, ह्यो विलायती ड्रम हाय, ह्याच्यासाठी कुणी सांगावा धाडत न्हाय. तर म्हणाले, कातडंच न्हवं? मग बडवणं त्ये बडवणंच."

मग ट्रंकेवर एकच ठोका मारून म्हणाला, "एकदा त्यांस्नी समोर बसवून ऐकवणार हाय मी. बघच तू."

मी त्याला पुष्कळ गोष्टींचा निश्चय करताना पाहिलं. पण याच्याइतका दुसरा कुठलाच निश्चय त्यानं मनाशी बाळगलेला मला माहीत नाही.

गंमत अशी की आप्पा त्याच्या ड्रमला एका अर्थानं सांभाळतच होते. पायानं वाजवायचा मोठा ढोल ठोक्यागणिक थोडा थोडा पुढं सरकतो. गुळगुळीत फरशीवर तर गाणं संपेपर्यंत तो वाजवणाऱ्याच्या पायाबाहेर जातो. त्यावर अण्णाचा उपाय म्हणजे तंबाखूचं पोतं. वखारीतलं एक जुनं, जाड तागाचं पोतं त्यानं आप्पांकडून मागून आणलं होतं. ते ढोलाखाली अंथरलं की ढोल जागचा हलायचा नाही. पोतं कशाला, हे आप्पांनी विचारलं नव्हतं. पण त्या पोत्याला तंबाखूचा असा दर्प होता की पहिल्याच गाण्यात रॉनीला शिंका सुरू व्हायच्या. आंटी तर ते पोतं चिमट्यात धरून अंगणात नेऊन टाकायची, आणि अण्णा परत आणायचा.

मग ती रेकॉर्ड आली. रॉनीचा मामा परदेशातून सुट्टीवर आला, त्यानं येताना आणली. ज्या बँडला ही मुलं देवासारखं मानायची, ज्याची गाणी वाजवून 'क्रशर'चं नाव झालं होतं, त्याच बँडची नवीकोरी रेकॉर्ड. रविवारी सकाळी रॉनीच्या दिवाणखान्यात आम्ही सगळे पूजेला बसल्यासारखे बसलो. रॉनीनं हात धुऊन, पुसून रेकॉर्ड लावली.

सुई टेकली आणि एकसारखा ठेका सुरू झाला. धप, धप, धप, धप. गिटार कुठं तरी लांब मागं होती. वर व्हायोलिनं, बायकांचा कोरस, टाळ्या. डिस्को! रॉनीचं तोंड उतरत गेलं. दुसरं गाणं तसंच, तिसरं तर चक्क गोड प्रेमगीत. रॉनीनं सुई उचलली.

"विकले गेले, मॅन," तो म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता. "आपले लोक विकले गेले."

"परत लाव," अण्णा म्हणाला.

"काय परत लाव? ऐकवतं का तुला हे?"

"लाव म्हटल्यावर लाव की."

रॉनीनं रागानंच लावली. अण्णा डोळे मिटून बसला. पहिलं गाणं संपलं तेव्हा म्हणाला, "त्या ड्रमवाल्याचं बघ जरा. आधी त्यो मधीच थांबायचा, उड्या मारायचा, आपली हुशारी दाखवायचा. हितं एक ठोका हलला न्हाय. ह्ये सोपं वाटतंय तुला? वाजवून बघ."

"अरे, पण यात आहे काय? मशीनसारखं."

"काय हाय त्ये तिकडं बघ." अण्णानं स्वयंपाकघराकडं मान वळवली.

दारातून आंटी दिसत होती. पोळपाटावर पोळी लाटत होती, पाठ आमच्याकडं. कानात कापूस नव्हता. आणि तिची उजवी टाच ठेक्यावर उठत होती, पडत होती. तिला बिचारीला पत्ताही नव्हता.

"आपून एवढी वर्सं वाजवतोय," अण्णा म्हणाला, "आंटींनी कधी कापूस काढला व्हता काय?"

त्या रविवारपासून वाद सुरू झाला तो महिनाभर चालला. कॅम्पातली रॉकवेडी पोरं अण्णाला 'डिस्को कांबळे' म्हणू लागली. अण्णा चिडायचा नाही. मला म्हणायचा, "त्यांस्नी ऐकाय खुर्च्या लागत्यात. मला नाचणारी माणसं पायजेत. मोठ्ठं वाजवून माणसं गप्प बसवता येत्यात, त्ये आमी केलं की. आता उठवून बघू."

अखेर रॉनी वळला. आंटीची टाच त्याच्याही मनातून जात नव्हती. बँडनं स्वतःची गाणी करायची, नाचता येतील अशी, आणि त्यांची कॅसेट काढायची असं ठरलं. बेळगावातल्या एका कॅसेटच्या दुकानदारानं सगळा खर्च उचलायची तयारी दाखवली. फक्त एक अट घातली. डिस्कोत आपल्याकडची हलगी घाला. असं अजून कुणी केलेलं नाही, धूम चालेल.

रॉनीला कल्पना फारच आवडली. आणि त्यानं जे केलं ते फक्त कॅम्पात वाढलेला, मनानं निर्मळ आणि गावगाड्याचा गंधही नसलेला मुलगाच करू शकतो. अण्णाला आनंदाचा धक्का द्यायचा म्हणून त्याला न सांगता तो निपाणीला जायला निघाला, आप्पांनाच हलगी वाजवायला बोलवायला. घर माहीत नव्हतं म्हणून मला बरोबर घेतलं. कशाला जायचंय ते मलाही सांगितलं नाही. यशच्या घरी काम आहे एवढंच म्हणाला. बसमध्ये त्यानं बेत सांगितला तेव्हा संकेश्वर मागं पडलं होतं. मी त्याला चुलीची गोष्ट सांगायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, "ते जुनं झालं रे. आम्ही त्यांना बाजा वाजवायला बोलवत नाही, आर्टिस्ट म्हणून बोलवतोय. कॅसेटवर नाव येईल त्यांचं."

आप्पा अंगणात होते. अंगानं अण्णासारखेच उंच, वाकलेले, डोक्याला पांढरा पटका. अण्णाची आई ओट्यावर बसून विड्या वळत होती. रॉनीनं वाकून नमस्कार केला आणि आपल्या कॅम्पी मराठीत सगळं सांगून टाकलं. आप्पांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. सांगून झाल्यावर ते उठले, आत गेले आणि स्वतः चहा करून आणला. कपबशीत दिला, दोघांनाही.

"घ्या," म्हणाले. रॉनीनं घोट घेतला.

"कसा झालाय?"

"फर्स्ट क्लास, अंकल."

"आमी हलगीचा असाच चहा करून प्यालोय बाळ," आप्पा म्हणाले. "आता ती परत कुठनं आणू?"

रॉनीनं कपबशी खाली ठेवली. आप्पांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांनी त्याच्या घरची चौकशी केली, आईला नमस्कार सांगितला, आम्हाला बसथांब्यापर्यंत पोचवलं. बस आली तेव्हा मात्र मला म्हणाले, "यशवंतानं धाडलंय व्हय तुमाला?"

"नाही आप्पा, त्याला माहीतच नाही."

"मग बरं," ते म्हणाले, आणि बस हलेपर्यंत तिथंच उभे राहिले.

अण्णाला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. तो खाटेवरून उठला आणि तसाच चालत कॅम्पात निघाला, मी मागोमाग. रॉनी फाटकाशीच बसला होता.

"यश, सॉरी मॅन. मला वाटलं, म्युझिकच आहे ना शेवटी."

"तुला म्युझिक," अण्णा म्हणाला. "आमाला त्यो सांगावा हुता. वाजली की जायचं. कुणी इचारलं न्हाय, येतोस का म्हणून."

"मग आता काय करायचं? तो माणूस हलगीशिवाय नाही म्हणतोय. तू नको वाजवू, दुसऱ्या कुणाला बोलवू या..."

"मी न्हाय, आनि माझ्या जागी दुसरा कुणी गरीब बी न्हाय. हलगी वाईट हाय असं म्हणत न्हाय मी. ज्याला खुशीनं वाजवायची त्यो वाजवंल, तवा मी फुडं बसून ऐकीन. पर दुकानदाराच्या सांगाव्यावर आपल्या कॅसेटीत ती येणार न्हाय." मग तो रॉनीच्या शेजारी पायरीवर बसला. "आनि कॅसेट तर व्हणारच. ह्याच साली. कशी त्ये आता बसून ठरवू."

ती कॅसेट कशी झाली हे आज सांगितलं तर खोटं वाटेल. दुकानदार बाजूला झाला. कॅम्पातल्या एका शाळेचं सभागृह मे महिन्याच्या सुट्टीत मिळालं. खिडक्यांना गाद्या टांगल्या, आंटीनं घरातल्या झाडून सगळ्या गाद्या दिल्या, आणि रॉनीच्या मामाच्या टेपरेकॉर्डरवर गाणी भरली. आत भट्टी पेटल्यासारखं उकडायचं. रस्त्यावर ट्रकचा हॉर्न वाजला की गाणं पहिल्यापासून. बाकीचे वैतागून बाहेर जाऊन बसायचे. अण्णा जागा सोडायचा नाही, सदरा पिळून परत घालायचा आणि म्हणायचा, "चला, पुन्हा." त्या ठेक्याला थांबा नसतो, दाखवायला करामत नसते. एकसारखं, न घाईचं, न ढिलं. संध्याकाळी त्याच्या पोटरीला गोळे यायचे आणि मी खोबरेल चोळून द्यायचो. तो तेवढ्यातही डाव्या पायानं खाटेच्या लोखंडावर ठेका धरायचा.

कॅसेट झाली. दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर जोडून तिच्या प्रती काढल्या. वर रॉनीनं शाईनं लिहिलं, 'क्रशर: नाचा'. तिच्या बहुतेक प्रती मित्रमंडळींतच वाटल्या गेल्या आणि कॅम्पातल्या एकानं तर आपली प्रत रॉनीच्या फाटकावरून आत फेकून दिली.

पुढच्या स्नेहसंमेलनात त्यांनी ती गाणी वाजवली. पहिल्या रांगांतली पोरं जुन्या 'क्रशर'साठी आली होती. चार ठोके पडले आणि हुर्यो सुरू झाली. "रॉक! रॉक! डिस्को मुर्दाबाद!" कागदाचे बोळे आले, शेंगांची टरफलं आली. रॉनीचे सूर डळमळले. गाता गाता त्यानं मागं वळून अण्णाकडं बघितलं. अण्णानं फक्त मान हलवली, वाजव म्हणून. आरडाओरड्यात रॉनीचं गाणं बुडालं, गिटार बुडाली, पण खालचा तो ठेका बुडाला नाही. दुसरं गाणं अर्धं झालं असेल, मागच्या बाजूला मेसचे वाढपी मामा खांद्यावर टॉवेल टाकून उभे होते, ते हात वर करून नाचायला लागले. "ए, मामा बघ, मामा बघ!" म्हणत हसणारे आधी त्यांना बघायला वळले, मग मागच्या रांगा उठल्या. पुढच्या रांगा शेवटपर्यंत बसून राहिल्या. सगळे जिंकले गेले असं मी म्हणणार नाही. पण खाली उतरल्यावर अण्णा मामांना म्हणाला, "ताटाचा आवाज कळला न्हवं आता?"

"ताटाचं न्हाय म्हाईत," मामा धापा टाकत म्हणाले, "पर गुडघं गेलं माझं."

त्याच वर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीला निपाणीतल्या तरुणांनी 'क्रशर'ला बोलावलं. अण्णाचं शिक्षण संपलं होतं, रायचूरकडं टेलिफोन खात्यात नोकरी लागली होती, आठवड्याभरात रुजू व्हायचं होतं. म्हणजे हा बँडचा शेवटचा कार्यक्रम, आणि तो अण्णाच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, बुद्धविहाराच्या अंगणात.

"आप्पा येतील?" मी विचारलं.

"सांगितलंय. काय बोलले न्हाईत."

मोठा ढोल बसमध्ये चढवताना कंडक्टरनं हे काय म्हणून कानडीत विचारलं, "इदु एनु?" अण्णा म्हणाला, "ड्रम री." कंडक्टरनं वरून खालून बघून ढोलाचंही तिकीट फाडलं. हसत-खिदळत आम्ही निपाणीला पोचलो, सामान मांडायला घेतलं, आणि लक्षात आलं की पोतं नाही. आदल्या दिवशी आंटीनं ते वासाला कंटाळून धुऊन परसात वाळत घातलं होतं. ते तिथंच राहिलं.

विहाराच्या अंगणात नव्यानं घातलेली शहाबादी फरशी होती, आरशासारखी. विटा लावून बघितल्या. ढोलाबरोबर त्याही सरकत होत्या. "ऱ्हाऊ दे," अण्णा म्हणाला. "मी बी सरकत जातो फुडं."

उन्हं अजून होती. वखारीतून सुटलेल्या बाया, विड्या वळणाऱ्या बाया, पोरंसोरं, म्हातारी माणसं, सगळी पांढऱ्या कपड्यांत अंगणभर. आप्पा आले. एकटे, सावकाश. कुणी तरी खुर्ची दिली तीवर अगदी पुढं, पण एका कडेला बसले. हात मांडीवर, नजर फरशीवर.

अण्णानं त्यांना बघितलं. काठ्या उचलल्या. पाय पडला.

पहिल्या गाण्यात माणसं नुसती बघत राहिली. दुसऱ्यात अण्णाची आई उठली. पदर खोचला आणि शेजारणीचा हात ओढून म्हणाली, "ऊठ गं, कुणाच्या वरातीत न्हाय नाचायचं, आपल्या दारात नाचायचं." मग बायांचा तो सगळा घोळकाच उठला. दिवसभर मांडी मोडून बसलेली पावलं ठेक्यावर पडू लागली. कुणापुढं चालत जायचं नव्हतं, कुठल्या पायरीशी थांबायचं नव्हतं. आहेत तिथंच, गोल गोल.

आणि ढोल सरकत होता. प्रत्येक ठोक्याला बोटभर. अण्णा स्टूल पुढं ओढून घेत होता, पण हातांना उसंत नव्हती. पाय ताणत ताणत त्याची टाच उचलली गेली होती. आता गाणं बंद करावं लागणार असं मला दिसायला लागलं. मी पुढं व्हायला निघालो.

माझ्या आधी आप्पा उठले. ढोलापाशी आले. क्षणभर त्याच्याकडं बघत उभे राहिले. मला वाटलं, हातानं धरतील. त्यांनी हात लावला नाही. ते ढोलापुढं फरशीवर खाली बसले, मांडी घातली, तोंड नाचणाऱ्या बायांकडं केलं आणि आपली पाठ ढोलाला टेकवली. वखारीत पोती पेललेली ती पाठ. ढोल थांबला.

ठोके सरळ त्यांच्या पाठीत शिरत होते. पटक्याचा शेव प्रत्येक ठोक्याला हलताना मला दिसत होता. त्यांनी डोळे मिटून घेतले होते, थंडीच्या दिवसांत म्हातारी माणसं उन्हाला पाठ देऊन बसतात तसे.

त्यानंतर यशवंतअण्णा मला भेटला, पत्रंही आली, पण ड्रमवर बसलेला मी त्याला पाहिला तो तेव्हाच शेवटचा. बापाच्या पटक्याचं टोक तेवढं त्याला ढोलाच्या वरून दिसत असावं. त्याची नजर तिथंच होती. उजव्या हातातली काठी निसटून फरशीवर पडली, घरंगळत गेली. त्यानं ती उचलली नाही, दुसरी घेतली नाही. रिकामा हात तसाच हवेत राहिला, आणि पाय चालूच होता.